डोळ्याचा पडदा सुटला की ट्रॉलीवर काय काय मांडतात

'सिमेंट कुठलं वापरता हो तुम्ही पडदा चिकटवायला?' हे मला एका गवंडी काकांनी विचारलं होतं, ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्या झोपल्या, डोळा बधिर केलेला, तोंडावर निळं कापड, आणि आतून हा प्रश्न. ऑपरेशन करणाऱ्या मॅडम हसल्या, मी पण हसले, पण प्रश्न अगदी बरोबर होता. कारण उत्तर असं आहे की काहीच वापरत नाही. एवढी महागडी मशीन, एवढ्या सुया, लेझर, गॅसचे सिलिंडर, आणि यातली एकही गोष्ट पडदा चिकटवत नाही. चिकटवायचं काम डोळा स्वतःच करतो, आम्ही फक्त त्याच्या वाटेतलं पाणी काढतो आणि पडदा पकड घेईपर्यंत तो दाबून धरतो.

मी डोळ्यांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, ट्रॉली लावते. म्हणजे आधी सगळी हत्यारं मांडायची, मागितलं की हातात द्यायचं आणि शेवटी मोजून परत घ्यायचं. डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कोणाच्या डोळ्याचा इलाज सांगत नाहीये. पण अकरा वर्षं हेच बघतेय आणि घरोघरी 'पडदा सरकला', 'डोळ्यात तेल टाकलं', 'गॅस भरला' असं ऐकून लोक घाबरतात, म्हणून जे समोर दिसतं ते लिहिते.

आधी एक शहाळं डोळ्यासमोर आणा. बाहेर कवच, आतून पातळ मलई, मधे पाणी. डोळा साधारण तसाच, फक्त २४ मिलिमीटरचा. डोळ्याचा पांढरा भाग दिसतो ते कवच. मलई म्हणजे पडदा, रेटिना, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. आणि पाण्याच्या जागी जेली, चार एक मिली, चहाचा चमचाही धड भरणार नाही एवढी. मलई आणि कवचाच्या मधे रक्तवाहिन्यांचा थर असतो, पडद्याच्या मागच्या बाजूला खाणंपिणं तिथूनच मिळतं. पडदा तिथून सुटला की उपाशी राहतो आणि बघणारा मधला भाग सुटला तर तास आणि दिवस मोजावे लागतात, म्हणून मधला भाग अजून चिकटलेला असेल तर मॅडम त्या पेशंटला लिस्टमधे सगळ्यात वर घेतात.

सुटतो कसा? वय वाढलं की जेली पातळ होते, आकसते आणि मागून सुटी होते. हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, बहुतेकांना काही होत नाही, थोडे काळे ठिपके तरंगतात आणि माणूस विसरून जातो. पण काहींच्यात जेली एखाद्या जागी घट्ट धरून बसलेली असते, ती सुटताना मलईचा तुकडा ओढते आणि फाटतं. मग आतलं पाणी त्या फटीतून पडद्यामागे शिरतं. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, 'म्हणजे ओल शिरून पोपडा सुटला.' बस, हेच. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली की रंगाचा पोपडा कसा फुगून येतो, तसं. जास्त मायनस नंबरवाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डोळ्यावर बॉल किंवा ठोसा बसलेले, घरात कोणाला झालेलं, एका डोळ्याला आधी झालेलं, यांनी जरा जास्त जपायचं. अचानक वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं, एकदम ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा बाजूने काळा पडदा चढत येतोय असं वाटलं तर त्याच दिवशी दाखवायचं, 'रविवार झाल्यावर बघू' नाही. दुखत नाही ना, म्हणून लोक थांबतात, हीच खरी अडचण आहे. (शुगरवाल्यांच्यात पडदा जाळ्या ओढून सुटतो तो वेगळा प्रकार, तो इथे घेत नाही.)

आता हत्यारं. पण पहिलं हत्यार ट्रॉलीवर नसतंच, ते डॉक्टरच्या डोक्यावर असतं.

शंभर वर्षांपूर्वी पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेला असंच धरायचे. पेशंटला आठवडेच्या आठवडे पाठीवर झोपवायचे, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ हे पहिले, ज्यांनी ठामपणे सांगितलं की पडद्याला भोक आहे म्हणून तो सुटतो, आणि ते भोक शोधून बंद केलं तर तो बसतो. लोकांना पटायला बरीच वर्षं गेली, १९२९ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या परिषदेत कुठे मान्य झालं. गोनँ काय करायचे तर भोक नेमकं कुठे आहे ते बाहेरून मोजून, तिथे कवचातून तापलेली सळई आत घालून डागायचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण ज्या आजारात काहीच होत नव्हतं त्यात निम्म्याच्या आसपास पडदे बसायला लागले. आजची सगळी मशीनं त्यांच्याच वाक्यावर उभी आहेत. भोक शोधा, भोक बंद करा.

शोधायचं म्हणजे डोळ्याच्या कडेकडेपर्यंत बघायला हवं आणि भोकं असतात नेमकी कडेला. त्यासाठी डोक्यावर पट्ट्याने बसवायचा दिवा, दोन्ही डोळ्यांनी बघायची सोय, आणि हातात एक भिंग, त्याला आम्ही नुसतं 'इनडायरेक्ट' म्हणतो. हे चार्ल्स शेपेन्स नावाच्या बेल्जियन डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनवलं. हा माणूस एक सिनेमाच आहे. नाझींपासून लपून फ्रान्स-स्पेनच्या डोंगरात खोट्या नावाने लाकडाची वखार चालवायचा आणि त्याआडून लोकांना सीमेपार काढायचा. नंतर बोस्टनला गेला, तिथे त्याच्या हाताखाली जे शिकले त्यात चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ पण होते, म्हणजे धागा थेट आपल्याकडे येतो.

इनडायरेक्टमधून सगळं उलटं दिसतं, वरचं खाली, डावं उजवीकडे. तरी मॅडम बघता बघता कागदावर गोल काढून पडद्याचा नकाशा रंगवतात. चिकटलेला भाग लाल, सुटलेला निळा, भोक लाल आणि भोवती निळी कड. जगभर हेच रंग. काकांच्या नकाशात वरच्या बाजूला, घड्याळाच्या अकराच्या जागी, घोड्याच्या नालासारखी फट होती. पाणी खाली उतरतं, त्यामुळे फुगवटा कुठून कुठपर्यंत आहे यावरून भोक कुठे असेल याचा अंदाज लागतो. काकांना हे पण पटलं, 'गळती नेहमी डागाच्या वरच असते' म्हणे.

मग बंद करायचं. गोनँची सळई गेली आणि दोन गोष्टी आल्या, गार आणि गरम. गार म्हणजे क्रायो, पेनासारखा प्रोब, त्यातून गॅस सोडला की टोक शून्याखाली ६० अंशांच्याही खाली जातं. तो कवचाच्या बाहेरून भोकाच्या मागे टेकवायचा, आत बघत राहायचं, पडदा पांढरा झाला की पेडल सोडायचं. आणि इथे नवीन मुलांना मी पहिल्यांदा काय सांगते तर बर्फ सुटल्याशिवाय प्रोब ओढायचा नाही. फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेला ओलं बोट चिकटतं ना, तसाच तो चिकटलेला असतो. गरम म्हणजे लेझर. त्याची गोष्ट पण भारी आहे, जर्मनीत १९४५ च्या सूर्यग्रहणात एका विद्यार्थ्याचा पडदा ग्रहण बघून भाजला, आणि मायर-श्विकराथ नावाच्या डॉक्टरला तो डाग बघून वाटलं, अरे, हा चटका आपल्याला हव्या त्या जागी देता आला तर? सुरुवातीला त्यांनी हॅम्बुर्गमधे छतावरून आरशांनी ऊनच डोळ्यात सोडलं. नंतर झेनॉनचा दिवा, मग लेझर. आता हिरवा लेझर केसासारख्या फायबरमधून डोळ्याच्या आत नेतात आणि भोकाभोवती ठिपक्यांच्या दोन-तीन रांगा मारतात, रांगोळीसारख्या.

पण एक लक्षात घ्या, चटका म्हणजे टाका नाही. चटक्याची जखम भरते आणि त्या भरण्यातून पडदा मागच्या थराला धरतो, आणि ती पकड पक्की व्हायला दोन आठवडे तरी लागतात. तोपर्यंत पडदा जागेवर दाबून कोण धरणार? सगळी खरी हत्यारं या एका प्रश्नासाठी आहेत.

एक रस्ता बाहेरून. पोपडा भिंतीला टेकत नसेल तर भिंतच आत ढकला. १९४९ मधे जर्मनीत कुस्टोडिसने हे केलं, शेपेन्सने पुढे वाढवलं. याला बकल म्हणतात. सिलिकॉनची पट्टी डोळ्याभोवती करदोट्यासारखी बांधायची, नाहीतर भोकाच्या जागी सिलिकॉनचा छोटा स्पंज कवचावर शिवायचा, म्हणजे ते तेवढं आत दबतं आणि पडद्याला टेकतं. डोळ्याच्या आत जायचंच नाही. तरुण पेशंट, जेली अजून घट्ट, तिथे हे अजूनही उत्तम आहे, आणि माझ्या मते यात हातचं कसब सगळ्यात जास्त दिसतं. डोळा फिरवणारे चार स्नायू हुकने एकेक करून उचलायचे, खालून रेशमाचा धागा ओवायचा, मग धागे ओढून डोळा हवा तसा फिरवायचा. हे ओढताना एक गोष्ट होते ती पहिल्यांदा बघताना माझी पाचावर धारण बसली होती. स्नायू ताणला की मॉनिटरचा टूं टूं हळू होतो, म्हणजे हृदयच मंदावतं. भूल देणारे सर शांतपणे म्हणतात, 'सोडा जरा', मॅडम हात सैल करतात, ठोके परत येतात, काम पुढे चालू. डोळ्याच्या दोरीचा हृदयाशी असा संबंध असेल असं कोणाला वाटेल! ती पट्टी बहुतेकांच्यात आयुष्यभर तशीच राहते, बाहेरून दिसत नाही.

दुसरा रस्ता आतून, काकांचा तोच होता, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालेलं आणि जेली सुटलेली. याचं नाव विट्रेक्टमी. कल्पना साधी, ओढणारी जेलीच काढून टाका. पण जेली नुसती ओढली तर मलई सोबत येणार, शहाळं खाताना बघितलंच असेल. म्हणून कापत कापत शोषायची. मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी हे जमवलं, घरच्या गॅरेजमधे अंड्याच्या पांढऱ्या बलकावर प्रयोग करून. तो पांढरा बलक कसा लांबतो, तुटत नाही, तोच प्रॉब्लेम. एप्रिल १९७० मधे पहिल्या पेशंटवर वापरलं. त्यांची सुई १७ गेजची, दीड मिलिमीटर जाड, पाणी सोडणं, कापणं, शोषणं सगळं एकीतच. पुढे कामं वाटली गेली, तीन भोकं, तीन सुया, आणि आता आम्ही २५ गेज वापरतो, अर्धा मिलिमीटर.

ते तीन दरवाजे कसे करतात बघा. कंपासने काळ्या-पांढऱ्याच्या हद्दीपासून साडेतीन मिलिमीटर मोजायचं, स्वतःचं भिंग असलेल्या डोळ्यात चार. का तेवढंच? पुढे गेलात तर भिंगाला लागेल, मागे गेलात तर पडद्याला, मधे एक पट्टा असा आहे जिथे दोन्ही नाही. तिथे ट्रोकार, म्हणजे नळी बसवायचं टोकदार हत्यार, तिरका घालायचा, म्हणजे काढल्यावर भोक आपोआप मिटतं, बहुतेक वेळा टाका लागत नाही. प्रत्येक दरवाजात एक बारीक प्लास्टिकची नळी राहते. एकीतून सलाईनसारखं पाणी सतत आत, नाहीतर डोळा हवा गेलेल्या फुग्यासारखा चपटा होईल. दुसरीतून दिवा, कारण आत अंधार. तिसरीतून कटर.

कटर हे माझं आवडतं. टोक बंद, बाजूला एक एवढीशी खिडकी आणि आत सुरी पुढेमागे, मिनिटाला १०,००० वेळा, नव्या मशीनवर २०,००० पर्यंत. वेग एवढा का, तर प्रत्येक वेळी घास लहान, म्हणून पडद्याला झटका कमी. पेशंटला देण्याआधी मी ते पाण्याच्या वाटीत बुडवून चालवून बघते, आवाज मच्छर कानाशी आल्यासारखा. खालच्या पेडलवर मॅडमचा पाय, जितका दाबला तितकं शोषण. कडेची जेली काढताना मी बाहेरून डोळा दाबते, म्हणजे कड आत येते आणि मायक्रोस्कोपखाली दिसते. माझं दाबणं आणि त्यांचं कापणं यात पाव मिलिमीटरचा पडदा असतो, तेव्हा ओटीत कोणी गप्पा मारत नाही.

काका जागेच होते. मधेच म्हणाले, 'आत काडी फिरतीये.' बऱ्याच जणांना दिसतं असं, सावल्या, रंग, हलणारी काडी, आधी सांगून ठेवलं तर घाबरत नाहीत.

जेली गेली, आता पडद्यामागचं पाणी. इथे एक जड द्रव येतो, पीएफसीएल, ओटीत 'हेवी लिक्विड'. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅन्ली चँग यांनी डोळ्यासाठी वापरात आणला. पाण्याच्या पावणेदोन पट जड आणि काचेसारखा स्वच्छ. मागे दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी एक थेंब सोडायचा. तो तळाला बसतो, त्याच्यात अजून सोडायचं, थेंब मोठा होत जातो आणि चादरीवरच्या सुरकुत्या तळहाताने कडेला साराव्यात तसा पडदा मधून बाहेर सपाट होत जातो आणि मागचं पाणी भोकातून पुढे निघून येतं. मी शेकडो वेळा बघितलंय तरी मान वर करून स्क्रीनकडे बघतेच. मग लेझर मारायचा आणि हा द्रव मऊ टोकाच्या नळीने पूर्ण काढून घ्यायचा, तो आत ठेवायचा नसतो. जुन्या केसमधे पडद्यावर व्रणाच्या जाळ्या चढलेल्या असतात, त्या सोलायला चिमटे असतात, टोक इतकं बारीक की मी ट्रॉलीवर कशालाही टेकू देत नाही. त्या केस तासन् तास चालतात, आणि निकालही तसा हमखास नसतो. साध्या केसमधे पहिल्याच ऑपरेशनला दहातले नऊच्या आसपास पडदे बसतात.

शेवटी पाणी काढून हवा, आणि हवेच्या जागी गॅस. बुडबुड्याच्या पृष्ठाला ताण असतो, तो भोकातून मागे घुसत नाही, भोकावर बुचासारखा बसतो. पाणी मागे जाणं थांबलं की उरलंसुरलं पाणी मागच्या थरातल्या पेशी स्वतः उपसून टाकतात. डोळ्यात पंप आहे! फक्त गळती थांबवायची, पंप आपलं काम करतो. हवा आठवड्याच्या आत जिरते, एसएफ६ गॅस दोन-तीन आठवडे टिकतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे. एसएफ६ द्यायचा तर ५० मिलीच्या सिरिंजमधे १० मिली गॅस आणि ४० मिली फिल्टरमधून आलेली हवा. हे मी मोठ्याने म्हणत भरते, दुसरी सिस्टर बघून मोठ्याने परत म्हणते. कारण शुद्ध गॅस रक्तातला वायू ओढून फुगतो, एसएफ६ दुप्पट, सी३एफ८ चौपट, आणि भरलेल्या डोळ्यात तसं झालं तर प्रेशरने नस जाईल. या एका सिरिंजला मी सगळ्यात जास्त घाबरते.

जास्त दिवस धरायचं असेल तर सिलिकॉन ऑइल. एका आजींनी विचारलं होतं, गोडं तेल का एरंडेल. दोन्ही नाही, काकवीसारखं घट्ट, पण पाण्यासारखं पारदर्शक. ते जिरत नाही, तीन ते सहा महिन्यांनी परत ऑपरेशन करून काढावं लागतं, आणि 'आता दिसतंय ना, मग राहू दे' म्हणून न येणारे पेशंट असतात, तसं करू नका.

तर काकांना गॅस भरला, आणि इथून पुढे हत्यार त्यांच्या ताब्यात. बुडबुडा नेहमी वर जातो, म्हणून भोक वर येईल असं डोकं ठेवायचं. कोणाला पालथं झोपायचं, कोणाला एका कुशीवर, काकांचं भोक वरच होतं म्हणून दिवसा ताठ बसायचं, रात्री उशा लावून एका कुशीवर, पाठीवर अजिबात नाही. लोक याला 'पथ्य' समजतात, आंबट खाऊ नये तसं. पथ्य नाहीये ते, ऑपरेशनच चालू आहे, फक्त ओटीच्या बाहेर.

आणि मनगटावर हिरवा पट्टा, डोळ्यात गॅस आहे लिहिलेला. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला भूल देताना नायट्रस ऑक्साइड दिला तर तो बुडबुड्यात घुसून फुगवतो, म्हणून कोणीही बघितलं तर कळावं. विमान बंद, कारण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकी विरळ असते. काका म्हणाले, 'मी कुठे विमानात बसतोय.' पण त्यांचं गाव वर महाबळेश्वरजवळ आणि आमचं हॉस्पिटल खाली, समुद्राच्या पातळीला. घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं बघितलंय ना? तेच डोळ्यात. म्हणून त्यांना तीन आठवडे पनवेलला मुलीकडे राहावं लागलं, आणि भात लावायचे दिवस, फार चिडचिड केली.

पहिल्या आठवड्यात नुसता हात हललेला दिसत होता, गॅसमधून तसंच दिसतं. दहाव्या दिवशी तपासणीला आले तर खूश. 'डोळ्यात पाणसळ बसवलीये तुम्ही,' म्हणाले. खरंच तसं दिसतं, एक आडवी रेघ, मान वाकडी केली तरी सपाटच राहणारी, रेघेच्या वर स्वच्छ, खाली धूसर. बुडबुडा वर असतो पण डोळ्यात चित्र उलटं पडतं म्हणून पेशंटला तो खाली दिसतो. रोज रेघ थोडी उतरत जाते. त्यांनी मुलीच्या घरातल्या खिडकीचे गज मोजून हिशोब ठेवला होता, आज तिसऱ्या गजापर्यंत, आज चौथ्या.

एकविसाव्या दिवशी आले तेव्हा म्हणाले की काल संध्याकाळपर्यंत खाली एक काळा मणी लोळत होता, खाली बघितलं की मधे यायचा, सकाळी उठलो तर नाही. मॅडमनी इनडायरेक्ट डोक्यावर चढवून बघितलं, लेझरचे डाग छान काळे पडलेले, पडदा सगळीकडे बसलेला. मला म्हणाल्या, काप. मी कात्रीने पट्टा कापला. काकांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि विचारलं, साडेअकराची महाबळेश्वर गाडी पनवेलला मिळेल का.